पाऊण पाऊण दीड

आलेख देखणा आला होता. एकेका वर्षाचा एकेक निळा स्तंभ, खाली सालं, डावीकडे मिलिमीटर आणि वर मथळा: चेन्नईचा पावसाळा. सांगलीहून चेन्नईत तारामणीला संशोधनासाठी आलेल्या त्या मुलीने पायथन शिकायला घेतलं त्याला तीन आठवडे होत आले होते. कुणाचीही मदत न घेता तडीस नेलेला हा तिचा पहिलाच प्रोग्राम. तिने शेजारच्या टेबलावरच्या सीनियरला हाक मारली. तो मूळचा चेन्नईचाच, सैदापेटचा, अड्यार नदीच्या काठी वाढलेला. त्याने पडद्याकडे पाहिलं, कॉफीचा टंबलर खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, "२०१५ कुठंय?"

२०१५ तिथेच होतं. २०१४ आणि २०१६ यांच्या मधे, आपल्या जागी गपगुमान उभं होतं. नजरेत भरावं असं त्याच्यात काहीच नव्हतं.

१ डिसेंबर २०१५ ला सुरू झालेल्या पावसाने तांबरमला चोवीस तासांत ४९ सेंटिमीटरची नोंद केली होती. त्याआधीच्या नोव्हेंबरात शहरात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होऊन गेला होता. जमीन, तलाव, नाले सगळं तुडुंब होतं. चेंबरमबाक्कम तलावातून पाणी सोडलं गेलं, अड्यार पात्राबाहेर आली, विमानतळ पाण्यात गेला आणि काही दिवस बंदच राहिला. ज्याने त्या रात्री घरातलं सामान माळ्यावर चढवलं, त्याला २०१५ चा स्तंभ इतरांच्या डोक्यावरून वर गेलेला दिसायला हवा होता. तो तसा नव्हता, म्हणजे प्रोग्राममध्ये काहीतरी चुकलं होतं.

गंमत अशी की प्रोग्राममध्ये काहीच चुकलं नव्हतं. तिने जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची बेरीज केली होती आणि ती बेरीज अगदी बिनचूक होती. पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर, हे तिने ठरवलंच नव्हतं. ठरवायचं असतं हेच तिच्या ध्यानात आलं नव्हतं. मृगात पेरणी, आश्लेषा-मघांत सांगलीच्या आयर्विन पुलाखालच्या पातळीकडे डोळे, हस्तात आवरतं घ्यायचं. कृष्णाकाठच्या माणसाच्या हाडात हे वेळापत्रक मुरलेलं असतं. चेन्नईचा पाऊस मात्र ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. वर्षाकाठी पडणाऱ्या सुमारे १४०० मिलिमीटरपैकी जवळजवळ साठ टक्के ऑक्टोबर ते डिसेंबरात येतो. सांगलीत आकाशकंदील लागतात, तेव्हा चेन्नईत छत्र्या उघडतात. प्रोग्रामला सांगितलं गेलं जून ते सप्टेंबर. त्याने हूं की चूं न करता ते चार महिने उचलले, मिळवले, रंगवले आणि वर मथळा दिला 'चेन्नईचा पावसाळा'.

तिला जास्त लागलं ते वेगळ्याच कारणाने. आदल्या संध्याकाळी तिने एक चूक स्वतः शोधून काढली होती आणि त्या आनंदात ती बेसंट नगरच्या किनाऱ्यावर जाऊन मक्याचं कणीस खाऊन आली होती. पायथनमध्ये ६ ते ९ असा पल्ला दिला की तो सहा, सात, आठ एवढंच घेतो. नऊ हा नुसता कुंपणाचा दगड. सप्टेंबर गळत होता, तिने नवाच्या जागी दहा लिहिलं आणि सप्टेंबर परत आला. ही चूक तिला सापडली, कारण आकडे कमी वाटत होते. दुसरी सापडली नाही, कारण सांगलीच्या नजरेला आलेख बरोबरच दिसत होता.

पल्ल्याच्या या तऱ्हेवाईकपणाचा आणि मोजणी शून्यापासून सुरू करण्याचा नव्या माणसाला फार जाच होतो. यादीतला पहिला आकडा हवा तर शून्य म्हणायचं, बाराव्या महिन्यासाठी अकरा. पुस्तकं याचं स्पष्टीकरण संगणकाच्या स्मृतीतल्या पत्त्यांवरून देतात, ते खरंही आहे. पण मराठी माणसाला ते घरबसल्या कळायला हरकत नाही. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला 'पहिलं वर्ष लागलं' असं आपण म्हणतो, तेव्हा त्याचं पुरं झालेलं वय शून्य असतं. तळमजल्यावर राहणाऱ्याला आपण पहिल्या मजल्यावर राहतो असं वाटत नाही. लागलेलं आणि पुरं झालेलं, या दोन्ही मोजण्या आपण दिवसभर अदलाबदलीने वापरतो आणि चुकत नाही. फोर्ट्रान एकपासून मोजते, पायथन शून्यापासून. एक लागलेलं वर्ष सांगते, दुसरी पुरं झालेलं.

बी.एस्सी.ला तिला सी भाषा होती. तेव्हाचा निळा पडदा, फॅक्टोरियल, फिबोनाची, उलटसुलट सारखा वाचला जाणारा शब्द ओळखायचा प्रोग्राम, जर्नलवर सही आणि तोंडी परीक्षा. गुण उत्तम होते. पण त्या दोन वर्षांत तिला संगणकाकडून स्वतःसाठी काही काढून घ्यावंसं एकदाही वाटलं नव्हतं. फिबोनाचीचा विसावा आकडा कुणाला हवा असतो? आपल्याकडे संगणकाची भाषा शिकवतात ती बहुतेक अशी: आधी भाषा, मग जमलं तर प्रश्न. शास्त्रीय गणनेच्या कामात हा क्रम उलटा हवा. ज्याच्याजवळ तासन् तास छळणारा एखादा प्रश्न आहे तो भाषा पंधरा दिवसांत कामापुरती शिकतो. ज्याच्याजवळ तो नाही, त्याला प्रमाणपत्र मिळतं.

चेन्नईत संगणकाशी बोलण्याचा धडा जुना आहे. आयआयटी मद्रास १९५९ मध्ये पश्चिम जर्मनीच्या मदतीने उभी राहिली आणि १९७३ मध्ये तिथे आयबीएमचा ३७०/१५५ हा मोठा संगणक आला. त्या काळच्या देशातल्या ताकदवान यंत्रांपैकी ते एक होतं. अशा यंत्राला जे सांगायचं ते कार्डांना भोकं पाडून. एका कार्डावर ८० स्तंभ. फोर्ट्रानचं वाक्य सातव्या स्तंभापासून सुरू व्हायचं आणि बहात्तराव्यात संपायचं. सहावा स्तंभ आधीच्या ओळीचं वाक्य पुढे चालू आहे हे सांगायला राखून ठेवलेला. सहाव्यात चुकून काही उमटलं तर अख्ख्या गठ्ठ्याचा अर्थ बदलायचा. त्या पिढीतल्या कुठल्याही संगणक केंद्राची रीत हीच: गठ्ठा खिडकीत द्यायचा, नंबर लागेपर्यंत थांबायचं आणि तासा-दोन तासांनी, नाहीतर दुसऱ्या दिवशी, छापील कागदाची घडी घ्यायची. तिच्यावर कधीकधी एका स्वल्पविरामाची तक्रार असायची आणि बाकी काहीच नसायचं.

त्या अडचणीचे पोवाडे गाण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट खरी, की कार्ड लिहिणारा माणूस गठ्ठा देण्याआधी कागदावर हाताने उत्तर काढून पाहत असे. उत्तर साधारण किती यायला हवं, हे त्याला यंत्राच्या आधी ठाऊक असे. आता एन्टर दाबलं की उत्तर हजर. चुकीचं उत्तरही तेवढ्याच तत्परतेने हजर होतं आणि दिसायला बरोबर उत्तरासारखंच दिसतं.

त्या रात्री तिने घरी फोन केला. फोन आबांनी घेतला. आबा म्हणजे आजोबा. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीवर त्यांची दिवाणजी म्हणून हयात गेलेली. काय शिकतेस म्हणून त्यांनी विचारलं. कॉम्प्युटरला गणितं करायला लावायला शिकतेय, असं ती म्हणाली.

"पाऊण पाऊण दीड हे येतंय का त्याला?"

तिने टंकून पाहिलं. "येतंय."

"सव्वा अडीच्या किती?"

"तीन पूर्णांक एकशे पंचवीस सहस्रांश."

"तीन रुपये दोन आणे म्हण की सरळ."

आबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी शाळेत घोकलेली. ती पोरगी हसली आणि तिने आबांना त्या आठवड्यात भेटलेला चमत्कार सांगितला: या मशीनला ०.१ अधिक ०.२ विचारलं तर ते ०.३०००००००००००००००४ असं सांगतं. आणि ही बेरीज ०.३ च्या बरोबर आहे का विचारलं, तर नाही म्हणतं.

"दहा पैसे न् वीस पैसे तीस पैसे होत न्हाईत? मग हिशेब कसला ठेवतोय त्यो?"

आबांना ज्याचा धक्का बसला ते नव्या प्रोग्रामरला पहिल्याच महिन्यात भेटतं आणि बहुतेकजण ते यंत्राचा गुण म्हणून सोडून देतात. खरं तर त्याचं उत्तर आबांच्याच पाठांतरात होतं. संगणक अपूर्णांक साठवतो ते अर्ध्याअर्ध्याने: अर्धा, पाव, अर्धपाव, मग त्याचा अर्धा. शेराचा अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक. शेराचे सोळा छटाक, रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. दोनाने दुणावत जाणारी ही सगळी उतरंड संगणकाला तंतोतंत कळते. पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांतला एकही आकडा त्याच्या हातून कणभर घसरत नाही. घसरतो तो एक दशांश. कितीही अर्धे, पाव, छटाक रचले तरी त्यांतून बरोबर एक दशांश कधीच जुळत नाही. जसं आपल्याला एक तृतीयांश दशांशात लिहिताना ०.३३३ च्या पुढे तीन लिहीतच जावे लागतात. संगणक त्रेपन्न द्विमान अंकांवर हात आखडता घेतो आणि उरलेला कण सोडतो किंवा वर धरतो. तोच कण बेरजेच्या शेपटीला चार होऊन दिसतो.

आबांना हेही नवं नव्हतं. १ एप्रिल १९५७ ला देशात दशमान नाणी आली तेव्हा ते पेढीवर नुकतेच लागले होते. नवे पैसे शंभर, आणे सोळा. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे. सव्वासहा पैशांचं नाणं नसतं. सरकारी तक्ता म्हणे, एक आणा म्हणजे ६, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. म्हणजे एकेक आण्याच्या तीन वस्तू एकेक करून घेतल्या तर १८ आणि एकदम घेतल्या तर १९. त्या काळात हा एक पैसा दुकानादुकानांत भांडणाचा विषय झाला होता. नियम साधा होता: अर्धा पैसा किंवा त्याहून कमी असेल तो सोडायचा, जास्त असेल तर एक धरायचा. म्हणून साडेबाराचे १२ आणि साडेसदतिसाचे ३७.

पायथनचा पूर्णांक करण्याचा नियम वेगळा. बरोबर अर्ध्यावर आला की तो जवळच्या सम संख्येकडे झुकतो. साडेबाराचे १२, इथवर सरकारशी एकमत. साडेसदतिसाचे मात्र ३८. सहा आण्यांवर दोघांचं भांडण ठरलेलं.

त्याच एप्रिलमध्ये, १९५७ साली, अमेरिकेत जॉन बॅकस यांच्या चमूने केलेली फोर्ट्रान आयबीएम ७०४ च्या ग्राहकांच्या हाती पडली. सूत्र जवळपास कागदावर लिहितो तसं लिहा, यंत्राच्या भाषेत ते आम्ही उतरवू, अशी तिची हमी होती. भारत अर्ध्यापावाचा हिशेब सोडून दशमानाकडे निघाला त्याच महिन्यात शास्त्रज्ञांच्या हाती अर्ध्यापावाचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्राशी बोलायची भाषा आली. हा निव्वळ योगायोग. पण पाऊणकी घोकलेल्या पिढीला जे आयतं कळलं असतं ते दशमान पिढीला शिकावं लागतं, एवढं खरं.

हा कण नेहमीच निरुपद्रवी नसतो. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या धाहरानमध्ये अमेरिकी पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेला येणारं स्कड अडवता आलं नाही आणि २८ सैनिक मेले. यंत्रणेचं घड्याळ दशांश सेकंदांत मोजत होतं आणि तो एक दशांश चोवीस द्विमान अंकांत कापून बसवलेला होता. सलग शंभर तास चालू राहिल्यावर कापलेले कण साचून घड्याळ सुमारे ०.३४ सेकंद चुकलं. स्कड तेवढ्यात अर्धा किलोमीटर पुढे जातं. घड्याळ दशांशाऐवजी अर्धपाव सेकंदाने, म्हणजे एक अष्टमांशाने, मोजत असतं, तर हा कण साचलाच नसता.

तिने सांगितलेली ही हकीकत आबांनी ऐकून घेतली आणि ते म्हणाले, "म्हणून रोजकीर्द रोज मेळवायची असती."

रोजकीर्द मेळवणं म्हणजे काय, हे तिला त्यापुढच्या दिवसांत पावसाच्या नोंदींनी शिकवलं. तिच्याकडच्या फायलीत ज्या दिवसाची नोंद नव्हती तिथे -९९९ लिहिलेलं होतं. जुन्या नोंदींत ही सर्रास पद्धत आहे: पाऊस उणे असूच शकत नाही, तेव्हा वाचणाऱ्याने ओळखून घ्यावं. माणूस ओळखतो. प्रोग्राम ओळखत नाही. कोरड्या ठणठणीत फेब्रुवारीत दोन दिवसांची नोंद नव्हती, तर महिन्याचा पाऊस आला उणे १९९८ मिलिमीटर. ही चूक सापडली, कारण ती धडधडीत वेडी होती. पण नोव्हेंबरात, जिथे काही वर्षी आठ-आठशे मिलिमीटर पडतो, तिथे अनेक वर्षांच्या सरासरीच्या गर्दीत एखादं -९९९ खपून जातं आणि तो महिना नुसताच जरा कमी पावसाचा दिसतो.

यावरचा उपाय म्हणजे -९९९ च्या जागी 'नॅन' ठेवायचं: संख्या नव्हे, एवढंच सांगणारी एक खूण. हिची एक मजा आहे. नॅन नॅनच्या बरोबर आहे का, असं विचारलं तर पायथन नाही म्हणतो. आधी हा वेडेपणा वाटतो. मग लक्षात येतं की पाच तारखेची नोंद नाही आणि नऊ तारखेची नोंद नाही, म्हणून दोन्ही दिवशी सारखाच पाऊस पडला असं कोण म्हणेल? शून्य पाऊस आणि ठाऊक नसलेला पाऊस या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला ही खूण भाग पाडते. बेरजेत एक नॅन आला की सगळी बेरीज नॅन. वैतागून नवखा माणूस नॅन वगळून बेरीज करणारी आज्ञा वापरतो आणि न कळत ठाऊक नसलेल्याला शून्य ठरवून टाकतो. वादळाच्या रात्री पर्जन्यमापकच निकामी झालं असेल तर? मग सगळ्यांत जास्त पावसाचा दिवस हिशेबात कोरडा जातो. कुठला नॅन वगळायचा आणि कुठला तसाच ठेवायचा, हे भाषा सांगत नाही. ते नोंदवहीकडे जाऊन पाहावं लागतं.

चेन्नईत हा शोध घ्यायला जवळच ठिकाण आहे. नुंगमबाक्कमच्या कॉलेज रोडवर हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आहे ते जुन्या मद्रास वेधशाळेच्या आवारात. ती वेधशाळा १७९२ ची. दुर्बिणीला आधार देणारा ग्रॅनाइटचा जाड खांब अजून तिथे उभा आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला सेंट थॉमस माउंटपाशी विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये साखळीने जमीन मोजून पायारेषा आखली. तिच्यावर पुढे साऱ्या हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी उभी राहिली. सुमारे साडेसात मैलांची ती रेषा मोजताना पोलादी साखळी उन्हाने किती लांबते, याचा हिशेब लॅम्बटनने ठेवला होता. मोजमापात चूक असणारच, ती किती हे सांगता आलं पाहिजे, ही सवय या शहराच्या मातीत दोनशे वर्षांची आहे.

प्रश्नातून भाषेकडे जाण्याचं सगळ्यांत चांगलं उदाहरणही याच शहरातलं. प्रभू रामचंद्रन आयआयटी मद्रासच्या एरोस्पेस विभागात पीएच.डी. करत होते. विषय होता प्रवाहातल्या भोवऱ्यांची गणना. अशा गणनेतून निघतात ते आकड्यांचे ढीग, आणि भोवरा आकड्यांत दिसत नाही, तो डोळ्यांना दिसावा लागतो. त्रिमितीत चित्र काढणारी व्हीटीके नावाची तयार प्रोग्रामांची ताकदवान लायब्ररी तेव्हा होती, पण वापरायला अवघड. रामचंद्रन यांनी तिच्यावर पायथनमध्ये एक साधन रचलं आणि २००१ च्या सुमारास ते सगळ्यांना फुकट खुलं केलं. नाव ठेवलं मायावी. जगभरच्या प्रयोगशाळांत हे नाव आज उच्चारलं जातं, बहुतेकांना त्याचा अर्थ माहीत नसताना. १९९८ मध्ये चेन्नईचा लिनक्स वापरणाऱ्यांचा गट सुरू करणाऱ्यांतही ते होते. २००५ पासून ते पवईला, आयआयटी मुंबईत शिकवतात. पायथनच्या प्रसारासाठी २०१४ च्या पायकॉन इंडियात त्यांना केनेथ गोन्साल्विस पुरस्कार मिळाला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट एवढीच, की मायावीचं मूळ अभ्यासक्रमात नव्हतं. मला माझा भोवरा पाहायचा आहे, या हट्टात ते होतं.

पायथनची बाकीची शास्त्रीय हत्यारंही अशाच हट्टांतून आली. गुइडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुटीत ॲम्स्टरडॅममध्ये ही भाषा करायला घेतली ती काही शास्त्रज्ञांसाठी नव्हे. आकड्यांच्या रांगा हाताळणारं न्यूमेरिक १९९५ मध्ये जिम ह्युगुनिन यांनी जोडलं. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये, पीएच.डी.चं काम बाजूला ठेवून, आयपायथन लिहायला घेतलं. आजची ज्युपिटर वही त्याचंच पुढचं रूप. जॉन हंटर मेंदूच्या विद्युत नोंदींवर काम करत, त्यांना त्या नोंदी रेखाटायच्या होत्या, म्हणून मॅटप्लॉटलिब. ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी तोवर फुटून दोन झालेल्या जुन्या वाटा एकत्र करून २००६ मध्ये नमपायची पहिली पक्की आवृत्ती दिली. सगळे आपापल्या कामात अडलेले लोक.

नमपायबद्दल एक उलगडा नवख्याला उशिरा होतो. पायथन ही मुळात संथ भाषा. एक कोटी आकडे एकेक करून मिळवायला लावले तर ती चांगलीच रेंगाळते. तेच काम नमपायला अख्खी रांग एकदम देऊन करवलं की कित्येक पट लवकर होतं, कारण मग खरं काम करते ती आतली सी भाषा. त्या मुलीने पहिल्या आठवड्यात रोजच्या पावसाची रांग लूप लावून मिळवली होती, हमालाने एकेक पोतं पाठीवरून वाहावं तशी. सीनियरने त्या चौदा ओळी खोडून एक ओळ लिहिली. समीकरणसंच सोडवायची वेळ येते तेव्हा तर नमपाय आणि त्याचा भाऊ सायपाय लॅपॅककडे जातात, आणि लॅपॅक लिहिलेलं आहे फोर्ट्रानमध्ये. म्हणजे वरच्या मजल्यावर ज्युपिटरची रंगीत वही आणि तळघरात तीच जुनी फोर्ट्रान. आयआयटी मद्रासच्या कार्डांवरची भाषा गेली म्हणतात, ती अशी गेलेली नाही.

शिकण्याची साधनं आज दारात आहेत. एनपीटेल या ऑनलाइन शिकवणीचा कारभार चेन्नईहूनच चालतो. सिरुसेरीच्या चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद यांचा आठ आठवड्यांचा पायथनचा अभ्यासक्रम तिथे फुकट ऐकायला मिळतो. पवईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे धडे मराठीतही आहेत. त्यांची रचना शहाणपणाची आहे: आवाज मराठीत, पडद्यावरची अक्षरं इंग्रजीतच, कारण उद्या कामाच्या जागी तीच अक्षरं दिसणार. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना भीती वाटते ती भाषेच्या पाचपन्नास इंग्रजी शब्दांची नव्हे. इफ, फॉर, व्हाइल ही फेरीवाल्याच्या हिंदीएवढी सोपी असतात. भीती वाटते ती लाल अक्षरांतल्या चुकीच्या अहवालाची. पानभर इंग्रजी अंगावर येतं. त्याचा एक कानमंत्र आहे: बातमी वरून वाचतात, हा अहवाल खालून वाचावा. शेवटच्या ओळीत काय चुकलं ते असतं, तिच्या लगेच वर कुठं चुकलं ते. उरलेला पंचनामा बहुतेक वेळा सोडून दिला तरी चालतो.

हा अहवाल खरं तर मित्र असतो. तो आला म्हणजे यंत्राने निदान तक्रार तरी केली. आलेखाच्या वेळी असा एकही लाल शब्द उमटला नव्हता. चूक दाखवली ती सैदापेटच्या माणसाच्या आठवणीने. म्हणून त्या मुलीने पुढे एक पद्धत घालून घेतली. कुठलाही प्रोग्राम पुरा झाला की त्याला आधी अशी दोन गणितं घालायची ज्यांची उत्तरं आपल्याला किंवा भोवतालच्या कुणाला तरी तोंडपाठ आहेत. चेन्नईसाठी २०१५. सांगलीची फाईल आली तेव्हा २०१९ चा ऑगस्ट, जेव्हा आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तो महिना आलेखात उठून दिसला नाही, तर पुढे वाचायचंच नाही.

एका रिकाम्या दुपारी तिने आणखी एक प्रयोग केला. पायथनला मराठी कितपत कळतं? अवतरणचिन्हांत देवनागरी १२ लिहून त्याची संख्या कर म्हटलं, तर त्याने मुकाट्याने बारा केली. अवतरणचिन्हं काढून तेच देवनागरी १२ थेट प्रोग्राममध्ये लिहिलं, तर लाल अहवाल. पण गोष्टींना दिलेली नावं देवनागरीत चालतात, हे पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून अधिकृत आहे. सहकाऱ्यांना वाचता यावं म्हणून असं कुणी करत नाही आणि करूही नये.

तिने एका ठिकाणी केलं. तिच्या त्या प्रोग्रामच्या फायलीत वरून तिसऱ्या ओळीवर इंग्रजी नावांच्या गर्दीत एक मराठी नाव आहे: पावसाळा. बरोबरच्या चिन्हापुढे चौकोनी कंसात तीन आकडे आहेत, दहा, अकरा आणि बारा.